खुर्चीमामांचं पुढे सरकणारं पुस्तक

खुर्चीमामांशी बोलायचं तर आधी त्यांच्या तोंडाकडे बघायला लागायचं. ओठ मिटलेले आणि एक गाल जरासा फुगलेला दिसला, की तोंडात खिळे आहेत असं समजून गप्प उभं राहायचं. बारीक निळसर खिळे ते चिमटीने तोंडात टाकायचे आणि जिभेने एकेक पुढे आणून ओठांत धरायचे. लोहचुंबकाच्या हातोडीने तो उचलला, लाकडात ठोकला, की पुढचा ओठांवर हजर. स्टेपल गन त्यांच्याकडेही होती, पण जुन्या खुर्च्यांच्या लाकडाला ती सोसत नाही असं त्यांचं म्हणणं होतं.

मामींचं म्हणणं वेगळं. "लाकडाचं नाव कशाला पुढे करता? बोलायला लागू नये म्हणून तोंड भरून ठेवता," असं त्या गिऱ्हाइकांसमोर सुनवायच्या. मामा मान हलवायचे. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनाच ठाऊक.

दुकान माझ्या खोलीच्या बरोबर खाली होतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून सकाळी वर्तमानपत्र घेऊन मी तिथे जाऊन बसायची. बसायला दर काही दिवसांनी वेगळी खुर्ची मिळायची, कारण दुरुस्त झालेली गिऱ्हाईक घेऊन जायचं. दुकानात फोमचा भुगा, रेक्झिनचा वास आणि सांगाडे उघडे पडलेले सोफे. मामांचं खुर्चीमामा हे नाव त्यांच्या भाच्याने पाडलेलं. लहानपणी तो आईबरोबर इथे यायचा आणि कुणी विचारलं, "हा तुझा कुठला मामा?" तर ऐटीत सांगायचा, "खुर्चीमामा." त्याला दुसरा मामाच नव्हता, तरी नाव चिकटलं ते चिकटलं.

त्या भाच्याची आई म्हणजे मामांची अक्का. मामांपेक्षा बरीच मोठी. आई लवकर गेली, तेव्हा धाकट्या भावाला तिनेच वाढवलं. एका मोठ्या रुग्णालयाच्या शिवणखात्यात ती कामाला होती. चादरी, पडदे, डॉक्टरांचे हिरवे झगे शिवायची. भावाचं शाळेत काही जमेना, तेव्हा तिने त्याला समोर बसवून दोरा ओवायला शिकवलं आणि गादीवाल्याकडे नेऊन सोडलं. "अक्कानं दाभण हातात दिलं, बाकीचं हाताला आपोआप कळत गेलं," असं मामा सांगायचे. तोंड रिकामं असलं की सांगायचे म्हणजे.

मी त्या गल्लीत राहायला गेले तेव्हा मात्र बहीणभावांचं बोलणं बंद होतं. भांडण म्हणावं असं काही झालेलं नव्हतं. मी यायच्या आधीची गोष्ट, अक्काला काही दिवसांपासून बाजूचं दिसेनासं झालं होतं. समोरचं स्वच्छ, पण दाराची चौकट खांद्याला लागायची, शेजारी येऊन बसलेला माणूस कळायचा नाही. नवरा हयात नव्हता, मुलगा नुकताच जहाजावर नोकरीला लागलेला. तिने भावाला फोन केला, "डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय, माझ्याबरोबर येशील का?" मामांनी तेव्हा एका नाट्यगृहाच्या सगळ्या खुर्च्यांचं काम घेतलेलं. ते म्हणाले, "एवढं नाट्यगृह उरकू दे, अक्का. मग जाऊ." नाट्यगृह उरकायला वेळ लागला. अक्काने पुन्हा विचारलं, मामा पुन्हा तेच म्हणाले. शेवटी ती शेजारणीचा हात धरून एकटीच गेली. काचबिंदू होता. डॉक्टरांनी सांगितलं की आहे ते टिकवायचा प्रयत्न करू, गेलेलं काही परत येणार नाही. पुढे आहे तेही टिकलं नाही.

अक्का एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मामींचं मत होतं. मामा जायचे, दाराजवळच्या स्टुलावर बसायचे, काय बोलावं ते सुचायचं नाही, की उठून यायचे. मग जाणं कमी झालं. काम आहे, अंगात कणकण आहे, अशी कारणं फोनवर जाऊ लागली. एकदा अक्का म्हणाली, "यायचं नसेल तर येऊ नकोस. पण मला कारणं ऐकवू नकोस." तेवढंच ते मामांनी धरून ठेवलं. अक्कानेच येऊ नको म्हणून सांगितलं, असं ते इतरांना सांगत. स्वतःला काय सांगत असतील, कोण जाणे.

भाचा मात्र दोन्ही घरी जायचा. सुट्टीवर आला की आईकडे राहायचा आणि एक दिवस मामाकडे. अशाच एका सुट्टीत त्याने मामांच्या नव्या फोनवर पुस्तकं वाचून दाखवणारं एक अ‍ॅप टाकून दिलं.

"मामा, तू दिवसभर गप्प असतोस. निदान ऐक तरी काहीतरी. हे बघ, इथे दाबलं की चालू."

त्यात एकच पुस्तक होतं. हे विश्व सुरू कसं झालं, केवढं आहे, पुढे त्याचं काय होणार, हे तुमच्याआमच्यासारख्यांना कळेल असं सांगणारं. वाचणाऱ्याचा आवाज भरदार, घाई नसलेला. मामांना वाटलं, अ‍ॅपबरोबर हे पुस्तक आपोआप येत असावं. पैशांच्या नवीन पाकिटात नमुन्याचा एखादा फोटो असतो ना, तसं.

सुरुवातीला मामींनी कपाळावर हात मारून घेतला. "घरात बोलणारी मी एक आहे, ती पुरत नाही म्हणून हा आणलाय!" पण मामा ऐकू लागले. आणि काही दिवसांनी एक चमत्कार झाला. मामा खिळे तोंडातून काढून वाटीत ठेवू लागले आणि मला प्रश्न विचारू लागले.

"बाई, विश्व पसरतंय म्हणतो. कशात पसरतंय?"

"मी भाषा शिकवायची, मामा. विज्ञानाच्या बाई वेगळ्या होत्या."

"पण शिक्षकांच्या खोलीत एकाच टेबलाशी बसत असाल ना?"

"त्या डबा खाताना विश्वाबद्दल बोलायच्या नाहीत."

"वाया घालवलंत मग," मामा म्हणाले, आणि पुढ्यातल्या गादीकडे बघत राहिले. गादीला बटणं लावलेली होती. "हा फोम फुगला असं समजा. बटणं हलली नाहीत, तरी एकमेकांपासून लांब गेली. असं काहीतरी म्हणतोय तो. पण फोम फुगायला बाहेर जागा लागते, बाई. विश्वाला बाहेरच नाही म्हणतो. हे काय मला पटत नाही." ते पटावं म्हणून तो पसरण्याचा भाग ते पुन्हा पुन्हा लावायचे. हातोडीच्या आवाजात अर्धी वाक्यं बुडायची, हेही एक कारण.

आणि मग पुस्तक पुढे सरकू लागलं.

म्हणजे असं, की संध्याकाळी मामा विश्व पसरत असताना दुकान बंद करायचे, आणि सकाळी फोन चालू करावा तर निवेदक भलतीकडेच पोचलेला. ताऱ्यांच्या मरणावर बोलतोय. नाहीतर कृष्णविवरात पडलेल्या माणसाचं काय होतं ते सांगतोय. मामा बोटाने पट्टी मागे ओढून आपल्या जागी यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कधी जेवायला घरी जाऊन येईपर्यंतही पुढे गेलेलं असायचं.

"अहो, खिशात असताना बोट लागत असेल," मी म्हटलं.

"दुकान बंद असताना कुणाचं बोट? फोन शर्टात, शर्ट खुंटीवर."

"माझ्याकडे बघू नका," मामी म्हणाल्या. "मला हे घर आवरता आवरत नाही, विश्व कुठे पुढे ढकलू?"

पुढे पुढे मामा त्याच्यावर चिडू लागले. सकाळी आले, की आधी फोन काढून, "गेलास? गेलास का पुढे? ये मागे, ये," असं त्याला दटावून पट्टी मागे आणायची, मगच शटर पूर्ण वर. गल्लीतल्या सगळ्यांना ही गंमत ठाऊक झाली होती. "काय मामा, आज कुठवर पळालं?" असं लोक जाता जाता विचारायचे. मामा चिडायचे खरे, पण मला आठवतं, ते कधी नव्हे इतकं बोलायचे त्या दिवसांत.

भाच्याला विचारावं तर तो समुद्रावर. शेवटी एक दिवस वैतागून मामा फोन घेऊन समोरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेले. मीही गेले, माझ्या चार्जरची वायर तुटली होती. दुरुस्तीवाल्याने कुठेकुठे दाबून पाहिलं आणि हसला.

"फोन ठणठणीत आहे, काका. तुमच्या खात्यावर आणखी एका फोनवरून कुणीतरी ऐकतंय. तो जिथे थांबतो, तिथून तुमचं सुरू होतं. तुम्ही मागे आणलं की त्याचं मागे येत असणार."

"कोण ऐकतंय?"

"नाव नाही दाखवत. नुसता दुसरा फोन, एवढंच."

"म्हणजे माझ्या पुस्तकावर कुणीतरी फुकटात बसलंय?"

"असतात असे. पासवर्ड कुठूनतरी मिळतो लोकांना. काढून टाकू? पासवर्ड बदलला की तुमचा सोडून दुसऱ्या फोनवर चालणारच नाही."

"काढ," मामा म्हणाले. "विचारतोस काय! इतके दिवस डोकं खाल्लंय त्यानं माझं."

दुरुस्तीवाल्याने काढून टाकलं. रस्ता ओलांडून परत येताना मामा एकदम खुशीत होते. घरात शिरलेली घूस एकदाची बाहेर घालवल्यासारखे.

त्यानंतर पुस्तक जिथे ठेवावं तिथे राहू लागलं. मामांनी ते सावकाश, सरळ शेवटपर्यंत ऐकलं. शेवटी काय होतं, मी विचारलं. ते म्हणाले, "सगळं लांब लांब जातं, बाई. इतकं, की एकाचा उजेड दुसऱ्याला पोचत नाही." एवढं बोलून त्यांनी खिळे तोंडात टाकले. दुसरं पुस्तक त्यांनी घेतलं नाही. अधूनमधून तेच लावायचे, पण प्रश्न विचारणं थांबलं. सकाळी फोन बाहेर काढायचे, बघायचे, आणि तो जागच्या जागी पाहून उगीच जरा घुटमळायचे. सवय झाली होती ना भांडायची.

भाचा सुट्टीवर आला तो सामान आईकडे टाकून तडक दुकानात आला. एरवी तो आधी मामींकडे जाऊन खायला मागायचा. त्या दिवशी तो शटरखालून वाकून आत आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "मामा, आईला का काढलंस?"

मामांच्या तोंडात खिळे होते.

"खिळे काढ आणि सांग. एवढं काय केलं होतं रे तिनं?"

मामांनी खिळे तळहातावर घेतले. "कुठून काढलं? कुणाला?"

"पुस्तकातून! तिचा फोन पासवर्ड मागायला लागला. बिचारी शेजारच्या काकूंना बोलावून बघते, तर काकूंनाही काही कळेना. मला फोन केला, मी समुद्रात, मला चार शब्द ऐकू येतात आणि आवाज जातो. घरी येऊन बघतो तर पासवर्ड बदललेला, आणि चालू फक्त तुझ्या फोनवर."

मामा गादीच्या कडेवर बसले. मी वर्तमानपत्र घडी करून उठायला लागले, तर भाचाच म्हणाला, "बसा बाई, तुमच्यापासून काय लपवायचं." आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

पुस्तक अक्काचंच होतं. डोळे गेल्यावर मुलाने तिच्यासाठी ते अ‍ॅप घेतलं. कथाकादंबऱ्या लावल्या तर म्हणाली, "माणसांच्या भानगडी पुरे झाल्या. काहीतरी लांबचं लाव." म्हणून हे लावलं. तिला फोनवरची एकच जागा बोटाला ठाऊक होती. तिथे दाबलं की चालू, तिथेच दाबलं की बंद. नंतर मामांच्या फोनवरही त्याने तेच खातं टाकलं आणि आईला तसं सांगितलं. मामालाही सांगतो म्हणाला, तर ती म्हणाली, "राहू दे. कळायचं तेव्हा कळेल त्याला."

"मग मागेपुढे व्हायला लागलं," भाचा सांगत होता. "मी म्हटलं, आई, दोन वेगळी खाती करून देतो, तुझं तुला नीट ऐकता येईल. तर नको म्हणाली. म्हणाली, बरं आहे, तो कुठवर आला ते कळतं. तो पसरण्याचा भाग तिला पाठ झाला होता, मामा. म्हणायची, तुझ्या मामाला अजून पटलेलं दिसत नाही."

मामी दारात येऊन उभ्या होत्या.

"आणि तिला वाटत होतं तुला ठाऊक आहे. मी सांगितलं, अगं त्याला नसेल कळलं, तो नुसता आपलं पुस्तक मागे आणत असेल. तर म्हणे, नाही, लहानपणी बाजारात मी भराभर पुढे जायची आणि हा मागून ओरडायचा, अक्का थांब ना. तसंच आहे हे. मी पुढे गेले की मागे बोलावतो." भाच्याने हाताने चेहरा पुसला. "मग एक दिवस दार बंद. तिला काय वाटलं असेल? तिला वाटलं, म्हणजे इतके दिवस ह्याला ठाऊकच नव्हतं, आत्ता कळलं मी आहे ते, आणि कळल्याबरोबर हाकललं."

मामांनी तळहातावरचे खिळे वाटीत टाकले. "मला वाटलं कुणी परका आहे."

"हे तिला सांग," भाचा म्हणाला. "मला सांगून काय उपयोग?"

त्याच दिवशी मामा अंगावरचा फोमचा भुगाही न झटकता भाच्याबरोबर गेले. तिथे काय झालं ते भाच्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मामांनीही सांगितलं, पण तुकड्यातुकड्यांनी आणि बऱ्याच दिवसांनी.

अक्का खिडकीजवळ पलंगावर बसली होती. मामा दाराजवळच्या स्टुलाकडे वळले, मग तिथे न बसता तिच्यासमोर खाली जमिनीवर बसले. अक्काने पावलांवरून ओळखलं असावं. "कोण, तू आलास? बस. वहिनीचा गुडघा कसा आहे?" असं तिने विचारलं. पाहुण्याला विचारावं तसं. मामांनी गुडघ्याचं सांगितलं. मग म्हणाले, "अक्का, मला ठाऊक नव्हतं गं, तू आहेस ते."

"असेल," अक्का म्हणाली.

"खरंच नव्हतं ठाऊक. मला वाटलं कुणीतरी फुकटा घुसलाय."

"फुकटीच होते की मी."

"पुस्तक तुझं आहे, अक्का!"

"पुस्तकाचं काय घेऊन बसलास?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट जरा खालीच आला होता. "तुला ठाऊक नव्हतं, हे मी मानते. डोळ्यांच्या वेळीही तुला ठाऊक नव्हतं, एवढं होईल म्हणून. तेही मी मानलंच होतं. तुला कधीच काही ठाऊक नसतं रे. तुझी चूक कशी म्हणू? आणि माझं तर व्हायचं ते नुकसान होऊन जातं."

मामा तिच्या पायाशी बसून रडले, असं भाचा म्हणाला. अक्काने चाचपडत त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, केसांतला फोमचा भुगा बोटांना लागला तो टिपून काढला, आणि मुलाला म्हणाली, "चहा टाक, मामाला उशीर होत असेल."

भाच्याने सुट्टी संपायच्या आत दोन्ही फोनांवर पुन्हा तेच खातं, तेच पुस्तक लावून दिलं, पूर्वी होतं तस्सं. आईचं बोट धरून जागा दाखवली. ती म्हणाली, "कळली." मग तो जहाजावर गेला.

आता मामा दर सुट्टीच्या दिवशी अक्काकडे जातात. कामं अडली तरी जातात, गिऱ्हाईक ओरडलं तरी जातात. तिला डॉक्टरकडे नेतात, तिच्या पलंगाची गादी त्यांनी नवी करून दिली, पडद्यांना रिंगा लावल्या. अक्का बोलते. भाजीवाल्याबद्दल बोलते, शेजारणीच्या सुनेबद्दल बोलते, रुग्णालयातल्या जुन्या मैत्रिणींच्या नकला करून भावाला हसवतेही. राग म्हणून काही उरलेला नाही. पुस्तकाचा विषय मात्र तिच्याकडून निघत नाही. एकदा मामांनीच धीर करून विचारलं, "ऐकतेस का गं मधूनमधून?" तर म्हणाली, "झोप येते रे हल्ली ऐकताना."

तरी मामा रोज संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी पुस्तक लावतात आणि तो पसरण्याचा भाग सुरू होतो तिथे नेऊन थांबवतात. तिथून पुढे ते स्वतः नेत नाहीत. मामींनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, मग त्या आत निघून गेल्या.

काल सकाळी मी खाली उतरले तेव्हा मामा अर्ध्या उघडलेल्या शटरखाली उभे होते, फोन डोळ्यांशी धरून. काच पुसून पुन्हा बघत होते.

"काय म्हणतंय पुस्तक?" मी विचारलं.

"काही नाही, बाई," ते म्हणाले. "ठेवलं होतं तिथेच आहे." आणि शटर वर ढकलून त्यांनी माझ्यासाठी एक खुर्ची पुढे ओढली.